दोस्त राष्ट्रे वैरी का झाली?

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘विचारसरणीतील भेद हेच शीतयुद्धाचे खरे कारण होय.’ मी अनुकूल बाजूने बोललो आणि वसतिगृहातला माझा खोलीमित्र प्रतिकूल बाजूने. भांडवलशाही आणि साम्यवाद म्हणजे आग आणि पाणी. त्यांचे सख्य युद्धापुरते होते, युद्ध संपताच दोघेही आपापल्या मूळ स्वभावावर गेले, असे मी हातवारे करून सांगितले. टाळ्या पडल्या. खोलीमित्राचे म्हणणे असे की, विचारसरणी ही सारी वरवरची रंगरंगोटी. राष्ट्रांना कायमचा मित्र नसतो आणि कायमचा शत्रूही नसतो, कायम असतो तो फक्त स्वार्थ. पहिला क्रमांक मला मिळाला. त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नाही.

व्यासपीठावरून उतरलो तेव्हा इतिहासाच्या सरांनी पाठ थोपटली आणि हसत हसत विचारले, “आग आणि पाणी म्हणतोस, मग चार वर्षे ती एका भांड्यात राहिली कशी?” मी ‘समान शत्रू होता’ असे काहीसे पुटपुटलो. त्यावर सर म्हणाले, “ते खरेच. पण मग शत्रू गेल्यावर ती वेगळी व्हायला हवी होती. वैरी का झाली? वेगळे होणे आणि वैरी होणे यांत काही अंतर आहे की नाही?”

मला उत्तर देता आले नाही. त्याच रात्री खोलीवर वाद पुन्हा पेटला. मी निरुत्तर होऊ लागलो तेव्हा खोलीमित्राला म्हणालो, “तू असे बोलणारच! तुझ्या संघटनेची शिकवणच तशी आहे.” त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. सरांचा प्रश्न आणि मित्राचा अबोला या दोन गोष्टींनी मला ग्रंथालयात बसवले. तेथे जे वाचले आणि त्यावरून जे मत बनले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे. बक्षीस मिळालेल्या माझ्या भाषणाशी ते जुळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रथम ही दोस्ती झाली कशी, ते पाहू. २२ जून १९४१ रोजी हिटलरच्या फौजा सोव्हिएत रशियात घुसल्या. त्याच संध्याकाळी ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल नभोवाणीवर बोलले. साम्यवादाविरुद्ध गेल्या पंचवीस वर्षांत आपण जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, पण रशियाला शक्य ती सारी मदत करू, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. म्हणजे मतभेद मिटले नव्हते, ते फक्त खुंटीला टांगून ठेवले होते. दोनच दिवसांनी अमेरिकेच्या एका सिनेटरचे मत तिथल्या वर्तमानपत्रात छापून आले. जर्मनी जिंकू लागला तर रशियाला मदत करावी, रशिया जिंकू लागला तर जर्मनीला करावी आणि दोघांना एकमेकांची होईल तितकी माणसे मारू द्यावीत, असे ते मत. हिटलरचा विजय मात्र कोणत्याही परिस्थितीत नको, असेही त्यांनी पुढे जोडले होते. हे सिनेटर म्हणजे हॅरी ट्रूमन. चार वर्षांनी तेच अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

संशय एकाच बाजूला होता असे मात्र नाही आणि तो निराधारही नव्हता. १९१७ च्या क्रांतीनंतर ब्रिटन, अमेरिका आदी देशांच्या फौजा रशियाच्या भूमीवर उतरल्या होत्या. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती १९३३ साली, क्रांतीनंतर तब्बल सोळा वर्षांनी. उलट, २३ ऑगस्ट १९३९ रोजी स्टालिनने हिटलरशीच करार केला, पोलंड दोघांनी वाटून घेतला आणि जर्मन हल्ल्याच्या दिवसापर्यंत रशियातून जर्मनीला धान्य व तेल जात होते. साम्यवाद आणि नाझीवाद यांच्यापेक्षा परस्परविरोधी असे दुसरे काय असणार? तरीही त्यांचा करार झालाच. माझी आग-पाण्याची उपमा पहिल्यांदा लंगडी पडली ती इथे.

दोस्ती झाली तेव्हा मात्र ती नुसती कागदोपत्री राहिली नाही. ‘लेंड-लीज’ या उसनवारीच्या योजनेखाली अमेरिकेने रशियाला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल पुरवला. त्यात चार लाखांहून अधिक जीपगाड्या व मालमोटारी होत्या आणि लाल सैन्याच्या पायात घालायला सुमारे दीड कोटी बुटांचे जोडही होते. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने १९४२ सालचा ‘वर्षपुरुष’ म्हणून स्टालिनची निवड केली. हॉलीवुडने १९४३ मध्ये ‘मिशन टू मॉस्को’ नावाचा रशियाची वाखाणणी करणारा चित्रपट काढला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्टालिनने जगभर क्रांती घडवण्यासाठी स्थापन झालेली ‘कॉमिन्टर्न’ ही संस्था विसर्जित केली. स्टालिनग्राडच्या लढाईचा प्रतिध्वनी तर थेट मुंबईच्या गिरणगावात उमटला. आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला तो याच काळात. व्होल्गाकाठच्या लढाईवर मराठी शाहिराने डफावर थाप मारावी, इतके ते युद्ध जगाचे झाले होते.

मग या दोस्तीला तडा कुठे गेला? युद्ध चालू असतानाच गेला, असे दिसते. पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडण्याची अपेक्षा स्टालिन १९४१ पासून धरून होता. १९४२ साली आशा दाखवली गेली, १९४३ साल तसेच गेले आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या त्या ६ जून १९४४ रोजी. तोवर जर्मन भूसेनेचा मुख्य भार रशियाच वाहत होता. या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली, तर अमेरिकेची सुमारे ४ लाख. पाश्चात्त्यांच्या बाजूने पाहिले, तर समुद्र ओलांडून फौज उतरवण्याची तयारी पुरी होण्याआधी घाई करणे म्हणजे आत्मघात होता. मॉस्कोतून पाहिले, तर भांडवलशाही देश आपल्याला मुद्दाम रक्तबंबाळ होऊ देत होते. घटना एकच, पण तिचे वाचन दोन. पुढच्या साऱ्या कथेची मेख मला इथेच सापडली.

खोलीमित्राची बाजू किती बळकट होती, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९४४ मध्ये चर्चिल मॉस्कोला गेले आणि कागदाच्या एका कपट्यावर त्यांनी बाल्कन देशांची वाटणी मांडली. रुमानियात नव्वद टक्के वर्चस्व रशियाचे, ग्रीसमध्ये नव्वद टक्के ब्रिटनचे, युगोस्लाव्हिया निम्मा निम्मा. स्टालिनने त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली. हे चर्चिलनीच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. दोनच महिन्यांनी अथेन्समध्ये ब्रिटिश सैन्याने ग्रीक साम्यवाद्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा स्टालिन गप्प राहिला. साम्यवादाचा कट्टर वैरी साम्यवाद्यांना देश देतो आणि साम्यवाद्यांचा पुढारी आपल्याच अनुयायांना मरू देतो! यात विचारसरणी औषधाला तरी आहे का? खोलीमित्राला हा दाखला स्पर्धेच्या दिवशी ठाऊक असता, तर माझे बक्षीस गेले असते.

पण एवढ्यावर थांबले तर दुसरा प्रश्न उभा राहतो. स्वार्थाचीच वाटणी होती आणि ती कागदावर झालीही होती, तर ती टिकली का नाही? दोन सावकार गावे वाटून घेतात आणि सुखाने राहतात. ही दोन राष्ट्रे का राहिली नाहीत?

माझ्या मते उत्तराची सुरुवात एका शब्दात आहे आणि तो शब्द म्हणजे ‘लोकशाही’. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी मुक्त झालेल्या युरोपविषयी जाहीरनामा काढला. प्रत्येक देशात लोकांच्या इच्छेप्रमाणे निवडणुकीने सरकार यावे, असे त्यात होते. तिघांनी सही केली, पण अर्थ मात्र आपापला केला. वॉशिंग्टनच्या लेखी निवडणूक म्हणजे अनेक पक्ष आणि गुप्त मतदान. मॉस्कोच्या लेखी लोकशाही सरकार म्हणजे फॅसिस्टविरोधी आणि रशियाशी सख्य राखणारे सरकार. पोलंडच्या बाबतीत हे दोन अर्थ एकत्र नांदूच शकत नव्हते. तीस वर्षांत दोनदा जर्मन सैन्याने त्याच बाजूने रशियावर चाल केली होती, म्हणून तिथे मित्र सरकार असणे हा स्टालिनच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. पण १९४० साली कातिन आदी ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व कैदी सोव्हिएत पोलिसांनी ठार मारले होते. १९४४ मध्ये वॉर्सा शहर जर्मनांविरुद्ध उठले, तेव्हा लाल सैन्य नदीच्या पलीकडे थांबून राहिले होते. अशा पोलंडमध्ये मोकळेपणी मते घेतली असती, तर रशियाला अनुकूल सरकार कोठून आले असते? म्हणून मते मोकळी घेतली गेली नाहीत.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यायला हवी. शेजारी मित्रत्वाने वागणारा असावा, यासाठी तो साम्यवादी असलाच पाहिजे असे नव्हते. फिनलंड हिटलरच्या बाजूने रशियाशी लढला होता. तरी १९४८ मध्ये त्याने रशियाशी मैत्रीचा करार केला आणि आपली निवडणूक, आपले पक्ष, आपली वर्तमानपत्रे राखली. ऑस्ट्रियातून १९५५ साली सोव्हिएत सैन्य निघून गेले आणि तो देश तटस्थ राहिला. म्हणजे सुरक्षिततेला दुसरी वाटही होती. पोलंडला ती का मिळाली नाही? पोलंड जर्मनीच्या वाटेवर होता हे एक कारण आणि जो आपल्या विचाराचा नाही तो आज ना उद्या शत्रूला मिळणारच, ही स्टालिनची पक्की समजूत हे दुसरे. स्वार्थाने त्याला सांगितले, ‘शेजारी सांभाळ.’ विचारसरणीने सांगितले, ‘शेजारी आपल्यासारखा करून टाक.’ दोन्ही मिळून पूर्व युरोप गिळला गेला.

युद्धानंतरची दोन वर्षे तर एकमेकांचे बोलणे चुकीच्या कानाने ऐकण्यातच गेली. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी स्टालिनने मॉस्कोत निवडणुकीच्या निमित्ताने भाषण केले. भांडवलशाहीच्या विषम वाढीतून महायुद्धे उद्भवतात, हा जुना मार्क्सवादी सिद्धांत आणि नव्या पंचवार्षिक योजनांची आकडेवारी, असा त्याचा मजकूर. वॉशिंग्टनमध्ये काहींना ती तिसऱ्या महायुद्धाची घोषणा वाटली. तेरा दिवसांनी मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीतले अधिकारी जॉर्ज केनन यांनी हजारो शब्दांची तार पाठवली. रशियाला पूर्वापार असुरक्षिततेची भीती आहे, मार्क्सवाद त्या भीतीला अंगरखा पुरवतो, त्याच्याशी कायमची तडजोड शक्य नाही, पण बळापुढे तो माघार घेतो, असा तिचा मथितार्थ. ५ मार्च रोजी फुल्टन येथे चर्चिलनी युरोपवर उतरलेल्या ‘पोलादी पडद्या’चा उल्लेख केला. सप्टेंबरात वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत निकोलाय नोव्हिकोव्ह यांनीही मॉस्कोला लांबलचक अहवाल धाडला. मक्तेदार भांडवलाच्या प्रभावाखाली अमेरिका साऱ्या जगावर वर्चस्व मिळवू पाहत आहे, हे त्याचे सार. तो जगापुढे आला १९९० मध्ये. केननची तार आणि नोव्हिकोव्हचा अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर नावे बदलली की एकाच्या जागी दुसरे खपून जाईल की काय, असे वाटते. ‘आम्ही घाबरलो आहोत, ते हावरट आहेत,’ हेच दोघांचे पालुपद.

भीती वाढायला अणुबॉम्बही होता. २४ जुलै १९४५ रोजी पॉट्सडॅमच्या परिषदेत बैठक संपल्यावर ट्रूमननी स्टालिनला, आपल्याकडे असामान्य संहारशक्तीचे नवे शस्त्र आहे, असे सहज बोलल्यासारखे सांगितले. स्टालिनने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. त्याला हेरांकरवी आधीच खबर होती. एका मित्राने शस्त्र लपवून तयार केले आणि दुसऱ्याने ते हेरून काढले. दोस्ती किती पोकळ झाली होती याचा याहून दुसरा पुरावा नको. २९ ऑगस्ट १९४९ रोजी रशियानेही आपला अणुस्फोट केला.

त्यापुढचा क्रम आपण पाठ्यपुस्तकात वाचलेला आहे, म्हणून झरझर सांगतो. १२ मार्च १९४७ रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलरची मागणी करताना ट्रूमननी जगापुढे दोन जीवनपद्धती मांडल्या आणि प्रत्येक राष्ट्राला त्यांतली एक निवडावी लागेल, असा सूर लावला. जूनमध्ये मार्शल योजना आली. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह मोठे शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला चर्चेला आले होते, म्हणजे दार अजून पुरते लागलेले नव्हते. पण २ जुलैला ते निघून गेले. चेकोस्लोव्हाकियाने आधी होकार दिला होता, तो मॉस्कोच्या दडपणाखाली मागे घ्यावा लागला. सप्टेंबरात ‘कॉमिन्फॉर्म’ स्थापन झाले आणि झ्दानोव्हने जगाचे दोन तळ पडल्याचे सांगितले. ट्रूमन आणि झ्दानोव्ह दोघेही जगाला सांगत होते की तिसरी जागा नाही! फेब्रुवारी १९४८ मध्ये प्राग साम्यवाद्यांच्या हाती गेले. जूनमध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली. ती मे १९४९ मध्ये उठली. एकूण सुमारे पावणेतीन लाख उड्डाणांनी २३ लाख टन माल त्या शहरात विमानाने पोचवला गेला. एप्रिल १९४९ मध्ये ‘नाटो’ झाली आणि मे १९५५ मध्ये वॉर्सा करार. यातले प्रत्येक पाऊल उचलणाऱ्याच्या लेखी बचावाचे होते आणि पाहणाऱ्याच्या लेखी चढाईचे.

बाहेरच्या वैराबरोबर घरातला संशयही वाढला, याकडे आपले लक्ष कमी जाते. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेत सरकारी नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम निघाला. ऑक्टोबरात हॉलीवुडच्या लोकांना संसदीय समितीपुढे जबाब द्यावे लागले आणि ‘मिशन टू मॉस्को’ हा चार वर्षांपूर्वीचा देशभक्तिपर चित्रपट आता संशयास्पद ठरला. रशियात त्याच वर्षी फेब्रुवारीत सोव्हिएत नागरिकांनी परदेशी माणसाशी लग्न करू नये, असा कायदा झाला. त्याआधी ऑगस्ट १९४६ मध्ये कवयित्री आख्मातोवा आणि लेखक झोश्चेन्को यांच्यावर पक्षाने जाहीर टीकास्त्र सोडले होते. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दोन्ही पारडी समान होती, असे मला म्हणायचे नाही. अमेरिकेत नोकरी जात होती, रशियात माणूस श्रमछावणीत जात होता. पूर्व युरोपातल्या जुलमाला ‘गैरसमज’ असे गोंडस नाव देता येणार नाही. चष्म्याला दोष देऊन गुन्हा पुसला जात नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. विचारभेदाने वैर होते, हे माझे मूळ म्हणणे खरे असते, तर विचार एक असलेल्यांत वैर होता कामा नये. पण जून १९४८ मध्ये साम्यवादी युगोस्लाव्हियाला साम्यवादी रशियाने बिरादरीबाहेर काढले आणि टिटोला पुढे मदत केली ती भांडवलशाही अमेरिकेने. १९६९ मध्ये उसुरी नदीच्या काठी रशिया आणि चीन या दोन साम्यवादी देशांच्या सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, जन्मभर साम्यवादविरोधाचे राजकारण केलेले निक्सन पेकिंगला जाऊन माओला भेटले. आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, मॉस्कोतल्या सरकारी इमारतींवरचा लाल बावटा उतरला, तरी वैर संपले का? २०१४ मध्ये क्रिमिया आणि २०२२ मध्ये युक्रेनवरचे आक्रमण यांनी रशिया आणि पाश्चात्त्य देश यांना पुन्हा समोरासमोर उभे केले. तेव्हा वादाला साम्यवाद शिल्लक नव्हता.

मग खोलीमित्राचा स्वार्थाचा सिद्धांत पूर्ण खरा मानावा काय? तसेही नाही. व्हिएतनामचे उदाहरण घ्या. १९४५ साली जपान्यांविरुद्ध हो चि मिन्हच्या बरोबरीने अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याची माणसे काम करीत होती. स्वातंत्र्याला पाठिंबा मागणारी पत्रे हो चि मिन्हने ट्रूमनना पाठवली. त्यांना उत्तर मिळाले नाही. पुढे, तो साम्यवादी म्हणजे मॉस्को-पेकिंगचे प्यादे, असे धरून अमेरिका त्या जंगलात उतरली. तिचे ५८ हजारांवर सैनिक मेले आणि व्हिएतनामी किती लाख मेले याची मोजदाद आजही वादाची आहे. अमेरिका निघून गेल्यावर चारच वर्षांनी, १९७९ मध्ये, हेच ‘प्यादे’ चीनशी लढले! निव्वळ स्वार्थाचे गणित मांडले असते, तर अमेरिकेने ही चूक केली नसती. विचारसरणीने तिला तिचा स्वार्थही धड दिसू दिला नाही.

म्हणून माझे मत असे बनले आहे. मतभेद माणसांना किंवा राष्ट्रांना वेगळे करतात. वैरी करीत नाहीत. वैर येते ते स्वार्थ आणि भीती यांमुळे. पण स्वार्थाचा सौदा करता येतो आणि भीतीची समजूत घालता येते. विचारसरणीचा चष्मा चढला की या दोन्ही वाटा बंद होतात. समोरच्याच्या भीतीला आपण कपट समजतो, आपल्या स्वार्थाला तत्त्व म्हणतो आणि तडजोड सुचवणाऱ्या आपल्याच माणसाला फितूर ठरवतो. काविळीच्या रोग्याला सारे पिवळे दिसते, तसे एकदा ठरले की पुरावा शोधावा लागत नाही. समोरचा बोलला तरी पुरावा आणि गप्प बसला तरी पुरावाच.

आणि हा चष्मा उतरवता येतो, हेही इतिहासानेच दाखवले आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. तेव्हा केनेडी आणि ख्रुश्चेव्ह या दोघांनी एकमेकांना ‘साम्राज्यवादी’ किंवा ‘साम्यवादी’ म्हणून न पाहता, एका खड्ड्याच्या काठावर उभा असलेला माणूस म्हणून पाहिले. रशियाने क्षेपणास्त्रे काढली. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे काढण्याचे अमेरिकेने गुपचूप कबूल केले. पुढच्याच वर्षी दोन राजधान्यांमध्ये थेट संपर्काची तारयंत्रणा बसली आणि ऑगस्टमध्ये अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. साम्यवाद तिथेच होता, भांडवलशाही तिथेच होती. मत एकाचेही बदलले नाही. तरी सर्वनाश टळला. आग आणि पाणी यांना हे जमले नसते, माणसांना जमले.

दोनच तळ आहेत, तिसरी जागा नाही, या म्हणण्याला भारताने वेळीच नकार दिला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. ७ सप्टेंबर १९४६ रोजी, स्वातंत्र्य अजून अकरा महिने दूर असताना, नेहरूंनी नभोवाणीवरून सत्तागटांच्या राजकारणापासून शक्यतो दूर राहण्याचे धोरण सांगितले होते. ते धोरण नेहमी पाळले गेले की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेवटी एका साध्या माणसाची हकीकत सांगतो. २५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीतल्या एल्ब नदीच्या काठी, श्ट्रेला आणि टोर्गाऊ या गावांपाशी, पश्चिमेकडून आलेले अमेरिकी सैनिक आणि पूर्वेकडून आलेले रशियन सैनिक प्रथम भेटले. श्ट्रेलाच्या काठावर लढाईत सापडलेल्या नागरिकांची प्रेते पडली होती, त्यांत लहान मुलेही होती. त्या प्रेतांमध्ये उभे राहून दोन्हीकडच्या सैनिकांनी, पुन्हा असे युद्ध होऊ नये म्हणून झटण्याची शपथ घेतली. जोसेफ पोलोस्की नावाचा अमेरिकी सैनिक त्यांत होता. पुढे तो शिकागोत टॅक्सी चालवीत असे. दोन्ही सरकारे ती शपथ विसरली, पण हा टॅक्सीवाला विसरला नाही. दरवर्षी २५ एप्रिलला तो शिकागोच्या पुलावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या भेटीची आठवण देई. लोक बहुधा त्याला चक्रम समजत असतील. १९८३ मध्ये तो वारला. आपल्याला टोर्गाऊला पुरावे, अशी त्याची इच्छा होती. टोर्गाऊ तेव्हा साम्यवादी पूर्व जर्मनीत होते आणि त्याच सुमारास पश्चिम जर्मनीत अमेरिकेची नवी क्षेपणास्त्रे येत होती. तरी त्याची इच्छा पुरी झाली. पोलादी पडद्यापलीकडे त्याची कबर आहे. पडदा आता राहिला नाही, कबर आहे.

हे वाचल्यावर मला माझेच वाक्य आठवले, “तू असे बोलणारच.” मी मित्राच्या मुद्द्याला उत्तर दिले नव्हते; त्याच्या संघटनेकडे बोट दाखवून मुद्दा ऐकण्यातूनच सुटका करून घेतली होती. दोन महासत्तांनी चाळीस वर्षे जे केले, तेच मी एका खोलीत एका रात्रीत केले होते. नवव्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, “बक्षीस परत करतोस का?”

त्याची संघटना तीच आहे, माझी मतेही बरीचशी तीच आहेत आणि खोलीही एकच आहे. या लेखाचा कच्चा खर्डा मी त्याला वाचायला दिला. समासात त्याने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘निम्मे पटले.’ उरलेल्या निम्म्यावर आमचा वाद रोज रात्री जेवणानंतर चालू असतो.